'माझा प्रवास'मधील आनंदाचे आणि भयाचे स्मरण

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचा विचार आपल्याकडे प्रायः दोन अंगांनी झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो १८५७ सालच्या बंडाचे एक साधन म्हणून तपासला. त्यातील तिथी, माणसांची नावे, फौजांच्या हालचाली इतर कागदपत्रांशी ताडून पाहिल्या आणि जेथे मेळ बसला नाही तेथे भटजींच्या विस्मरणाकडे बोट दाखविले. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्या घरगुती, ओघवत्या मराठीचे कौतुक केले आणि प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान दिले. दोन्ही कामे आवश्यकच होती. परंतु या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न उपेक्षित राहिला आहे. हा ग्रंथ युद्ध चालू असताना लिहिलेला रोजनामा नव्हे. तिशीच्या सुमारास पाहिलेले एका गृहस्थाने सुमारे पंचवीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, आठवून लिहिले आहे. त्या आठवणींत मेजवान्या आहेत, दक्षिणा आहेत, देवदर्शने आहेत. आणि त्याच पानांच्या शेजारी प्रेतांनी भरलेल्या गल्ल्या आहेत. एकाच माणसाच्या स्मरणात या दोन जातींचे अनुभव एकाच प्रकारे टिकतात काय, आणि नसल्यास तो भेद भाषेत कोठे दिसतो, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

ग्रंथाची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात मोठी दक्षिणा वाटली जाणार, अशी वार्ता कोकणात आली. घरावर कर्ज होते. ते फेडण्यापुरते द्रव्य मिळवावे या हेतूने विष्णुभट व त्यांचे चुलते रामभट हे १८५७ साली पेणजवळील वरसई गावाहून उत्तरेकडे निघाले. वाटेत महूच्या आसपास बंडाची कुणकुण लागली. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी असा फेरा होऊन ही मंडळी गंगेची कावड घेऊन स्वदेशी परतली. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून भटजींनी ही हकीकत पुढे लिहून काढली आणि ती त्यांच्या पश्चात १९०७ साली वैद्यांनी प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली छापला. या दोन आवृत्त्यांतील अंतराकडे पुढे वळावे लागेल.

प्रथम आनंदाच्या आठवणी घेऊ. कित्येक वाचकांना या पानांचा किंचित संकोच वाटतो. देश पेटला असता हा भिक्षुक पक्वान्ने आणि दक्षिणेचे रुपये मोजीत बसला, असा आक्षेप बोलून दाखविला जात नसला तरी मनात असतो. तो रास्त नाही. भटजी घराबाहेर पडले तेच द्रव्यार्जनासाठी. कोणत्या ठिकाणी काय मिळाले हे त्यांच्या प्रवासाचे प्रयोजनच होते. जो हिशेब माणूस वाटेत रोज मनाशी करतो, परत आल्यावर वडीलधाऱ्यांना देतो आणि पुढे नातलगांना सांगतो, तो पंचवीस वर्षे टिकला यात नवल नाही. पण महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या प्रसंगांना सांगण्याचा साचा मराठीत आधीच तयार होता. भोजनाचे वर्णन कसे करावे, दात्याची स्तुती कोणत्या क्रमाने करावी, क्षेत्राचे माहात्म्य कोठून आरंभावे, हे पुराणिकाने आणि कीर्तनकाराने शेकडो वर्षे घोटून ठेवले होते. भटजी त्याच परंपरेतले. आनंदाचा प्रसंग घडतानाच तो त्या साच्यात बसत होता. आठवताना साचा पुढे येई आणि त्याच्यामागून प्रसंग.

याचा व्याकरणात उमटलेला पुरावा झाशीच्या मुक्कामाच्या वर्णनात मिळतो. राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या भटजींनी विस्ताराने दिली आहे: त्यांचे पहाटे उठणे, व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, दरबार. हे सर्व साहजिकच रीतिभूतकाळात येते. मराठीत 'तो उठला' आणि 'तो उठत असे' यांत केवळ काळाचा फरक नाही. दुसऱ्या रूपात अनेक सकाळी वितळून त्यांची एक सकाळ होते. कोणत्या दिवशी पाऊस होता, कोणत्या दिवशी पूजेस उशीर झाला, हे त्या रूपात मावत नाही. म्हणजे भटजींनी राणीची सकाळ आपल्याला दिली, पण तशी सकाळ नेमक्या त्या स्वरूपात कदाचित एकदाही उगवली नसेल. तिला खोटी म्हणणे मात्र चूक ठरेल. ती अनेक खऱ्या सकाळींची सरासरी आहे. सुखाच्या आठवणीचे हे एक लक्षण दिसते: तिला पुनरावृत्ती मानवते, आणि पुनरावृत्तीतून तिच्या अंगी एक गुळगुळीतपणा येतो.

येथे एक गोष्ट वाचकांपुढे ठेवण्याचा मोह आवरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मातुःश्री १९७१ सालच्या डिसेंबरात गिरगावातील एका चाळीत राहत होत्या. युद्धामुळे मुंबईत दिवे मालवण्याचा हुकूम होता, खिडक्यांना काळे कागद चिकटविलेले होते. त्या दिवसांविषयी विचारले असता भोंग्याच्या आवाजाची भीती त्या एका वाक्यात उरकतात आणि मग मावशीच्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगतात: वरात काळोखात कशी आली, माप ओलांडताना दिव्याभोवती कागद गुंडाळून कसा धरला होता, सगळी चाळ अंधारातच कशी हसत होती. लग्नाची पत्रिका घरात जपून ठेवलेली आहे. तिच्यावर १९७२ सालच्या माघातील तिथी आहे; युद्ध तर १६ डिसेंबरलाच संपले होते. पत्रिका दाखविल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि छापणाऱ्यानेच चूक केली असेल म्हणाल्या. काळोख खरा होता, लग्नही खरे होते. त्या दोन गोष्टी जवळ आल्या त्या स्मरणात, आणि जवळ आल्यावर इतक्या एकजीव झाल्या की छापील तिथीलाही त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. भटजींच्या ग्रंथातील तिथींचा घोळ पाहून हसणाऱ्यांनी आपापल्या घरातील पत्रिका एकदा काढून पाहाव्या.

आता भयाकडे वळू. सर ह्यू रोज याच्या सैन्याने मार्च १८५८ च्या उत्तरार्धात झाशीस वेढा घातला. १ एप्रिल रोजी तात्या टोपे यांची कुमक बेतवा नदीकाठी मोडली. ३ एप्रिलला इंग्रज फौज तटावर चढून शहरात शिरली. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निघून गेल्या. इंग्रजी कागदांतील या तारखा आहेत. आपल्या पंचांगाने तो चैत्र महिना. पाडवा नुकताच होऊन गेला होता. वेढ्याच्या दिवसांचे वर्णन अजून रीतिभूतकाळातच आहे. तोफा रोज वाजत, रात्री तांबडे गोळे आकाशातून जाताना दिसत, लोक घाबरत आणि त्यातूनही दिवस काढीत. भय एकसारखे असले तरी नित्याचे झाले होते, आणि नित्याच्या गोष्टीला भाषेत जागा मिळते.

शहर पडल्यानंतरच्या पानांत हे बदलते. क्रियापदे एकेका कृतीवर येऊन थांबतात. शिपाई घरात शिरले, पैसे गेले, माणसे दडली, आग लागली. निवेदकाचे शरीर एकदम जागे होते. आतापर्यंत तो पंक्तीत बसलेला, सभेत उभा असलेला, पाहणारा असा होता. आता तो अडचणीच्या जागेत अंग चोरून बसलेला आहे आणि त्याला हाताच्या अंतरावरचेच दिसते. शहरात काय चालले आहे याचे ज्ञान त्याला आवाजावरून आणि वासावरून होते. बखरीची रणवर्णने भटजींना ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही. पण बखरीतील युद्ध सरदारांचे असते. कोणी घोडा घातला, कोणी तलवार चालविली, कोण पडला, हे सांगायला तेथे शब्दांची रास पडलेली आहे. भिंतीआड बसून पलीकडील पावले मोजणाऱ्या भिक्षुकासाठी बखरीत एक वाक्यही नाही. तेव्हा भटजींना येथे साचा मिळाला नाही, आणि म्हणून ते बोलतात तसे लिहितात. ग्रंथातील सर्वांत उत्तम गद्य याच पानांत आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तसे झाले याचे श्रेय शैलीला देण्यापेक्षा शैलीच्या अभावाला द्यावे लागेल.

या निरीक्षणास भाषाविज्ञानातून एक आधार मिळतो. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्क शहरातील लोकांची बोली ध्वनिमुद्रित करताना असा अनुभव घेतला की, माणसे यंत्रासमोर जपून, सावरून बोलतात. पण 'आता आपण मरणार असे कधी वाटले होते काय' असे विचारल्यावर जपणूक सुटते आणि घरची बोली बाहेर येते. जोशुआ वालेट्स्की यांच्यासह १९६७ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा कथनांची घडण तपासली आहे. कथनातील घटनाक्रम हा तिचा सांगाडा. त्या घटनेने मला काय केले हे सांगणारा भाग निराळा असून तोच कथनाला अर्थ देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लबॉव्हचे लोक बोलत होते आणि भटजी लिहीत होते, हा फरक मोठा आहे. तरीही मरणाची आठवण लेखणीचीही सोवळी सोडविते असे झाशीच्या पानांवरून दिसते.

मात्र येथे एका लोकप्रिय समजुतीपासून सावध राहिले पाहिजे. भयंकर प्रसंग काळजावर कोरला जातो, तो जसाच्या तसा राहतो, असे आपण सहज म्हणतो. याच्या उलट जाणारा एक अभ्यास हॉलंडमध्ये झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे एरिका नावाची एक छावणी होती. तेथील कैद्यांच्या साक्षी १९४३ ते १९४८ या काळात घेतल्या गेल्या. पुढे छावणीतील डी रायके नावाच्या एका अत्याचाऱ्यावर खटला उभा राहिला तेव्हा १९८४ ते १९८७ या काळात पुन्हा साक्षी झाल्या. वागेनार आणि ग्रुनेवेग या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली अशा ७८ साक्षीदारांच्या जबान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छावणीतील जीवनाचे सर्वसाधारण चित्र चाळीस वर्षांनंतरही शाबूत होते. परंतु छळ करणाऱ्याचे नाव, त्याचा चेहरा, इतकेच नव्हे तर आपणांस स्वतःला झालेली मारहाण, डोळ्यांदेखत झालेला खून, अशा गोष्टी काही जण विसरून गेले होते. पहिल्या जबानीत त्यांनीच त्या सांगितल्या होत्या. यावरून त्या माणसांना दुःख कमी झाले होते असे कोण म्हणेल? भावनेची तीव्रता आणि तपशिलाची शाश्वती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

भटजींच्या ग्रंथात पहिली जबानी नाही. आपल्या हाती दुसरीच आहे. त्यामुळे काय गळाले हे कधीच कळणार नाही. काय घातले गेले, याचा मात्र थोडाफार अंदाज करता येतो. झाशीच्या लुटीचे वर्णन पाहावे. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, धान्य, अशा क्रमाने दिवसामागून दिवस लूट कशी चालली आणि कोणत्या पलटणीने काय नेले, हे भटजी जवळजवळ यादी करून सांगतात. शहराच्या नाशाचा इतका नीटनेटका तपशील भिंतीआड दडलेल्या माणसाला त्या वेळी कसा दिसला असेल? लुटीत असा क्रम असणे असंभवनीय नाही. मोलाचा माल आधी जातो. पण घरोघरच्या ऐकीव हकीकती पुढे एकत्र झाल्या आणि त्यांना हिशेबाच्या वहीचा घाट मिळाला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दक्षिणा मोजताना जो साचा उपयोगी पडला तोच येथे, उलट्या दिशेने, लूट मोजण्याच्या कामी आला. भयाला स्वतःचा घाट नसला की ते शेजारच्या घरातून मागून आणते. वाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाविषयी भटजी जो शोक करतात त्याला असला उसना घाट लागलेला नाही. पोथी हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तेथे यादी थांबते आणि माणूस बोलतो.

दुसरी अडचण ऐकीव गोष्टींची. तुर्की भाषेत स्वतः पाहिलेल्या आणि ऐकून कळलेल्या भूतकालीन गोष्टीसाठी क्रियापदाला भिन्न प्रत्यय लागतात. बोलणाराला त्यांतून सुटका नाही. मराठीत 'म्हणे' हा शब्द आहे, 'असे ऐकिले' म्हणण्याची सोय आहे, पण सक्ती नाही. आणि जी खूण ठेवण्याची सक्ती नाही ती पुनःपुन्हा सांगण्यात सर्वांआधी झिजते. नानासाहेब पेशवे जुलै १८५७ मध्ये ब्रह्मावर्त सोडून गेले तो प्रसंग भटजींनी अत्यंत हृदयद्रावक रीतीने वर्णिला आहे. तेव्हा ते स्वतः तेथे नव्हते. माळवा-ग्वाल्हेरच्या बाजूला होते. तरी त्या वर्णनातील क्रियापदे झाशीच्या क्रियापदांहून वेगळी नाहीत. महूच्या वाटेवर शिपायांनी सांगितलेली इंग्रजांच्या ८४ कलमांची गोष्टही अशीच. हिंदू व मुसलमान यांचे आचार मोडून काढणारी अशी कलमे इंग्रजांनी ठरविली होती, हे भटजी घडलेली गोष्ट म्हणून लिहितात. ती अफवा होती. परंतु आकडा पाहावा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या देशात अफवेनेही चौऱ्याऐंशीचाच आकडा निवडला. तो शिपायांनी निवडला की भटजींच्या स्मरणाने, हे सांगता येत नाही. पण परंपरेतल्या आकड्याला आठवणीत राहण्याची सवय असते.

मग पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते हे ओळखावे कसे? क्रियापद सांगत नसेल तर प्रस्तुत लेखक एक साधी कसोटी सुचवितो: त्या प्रसंगात निवेदकाचे शरीर कोठे आहे? नानासाहेबांच्या निरोपात ते कोठेच नाही. दृश्य सर्व बाजूंनी सारखेच दिसते, नाटकगृहातल्यासारखे. झाशीच्या लुटीच्या यादीत ते पुसट होत जाते. दडण्याच्या प्रसंगात ते मध्यभागी आहे. ही कसोटी निर्णायक आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. शंभर वेळा सांगितलेल्या ऐकीव गोष्टीत सांगणारा आपले शरीर पुढे आणून बसवू शकतो, हे मावशीच्या लग्नावरून दिसलेच आहे.

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग या दोन्ही जातींच्या मध्ये उभा आहे. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटल्या. त्या पुरुषी पोशाखात होत्या, तहानेने व्याकूळ होत्या. भटजी पाणी काढून देऊ लागले. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घेणे त्यांना योग्य वाटले नाही आणि त्यांनी ते स्वतः काढले. मग आपल्या दशेविषयी चार शब्द बोलून त्या गेल्या. हा प्रसंग भटजींनी आयुष्यात किती वेळा सांगितला असेल याची कल्पनाच करावी. त्यातील राणींचे बोलणे अक्षरशः तेच असेल असे कोणी मानू नये. भटजींचा धंदा पाठांतराचा होता खरा. पण वेदाचे पाठांतर ज्या रीतीने टिकते, पदाला पद जोडून आणि गुरूच्या धाकाने, ती रीत वाटेवरच्या चार वाक्यांना लागू नाही. टिकते ते निराळेच. कोणी कोणाला पाणी दिले नाही, का दिले नाही, कोणी कोणाचा मान ठेवला, हे नाते टिकते. संकटाच्या टोकाला गेलेली राणी एका भिक्षुकाशी मर्यादेने वागली. भटजींच्या दृष्टीने हा सन्मान होता, म्हणजे आनंद होता, आणि तो त्यांना मिळाला सर्वनाशाच्या मध्यभागी. या प्रसंगाला दुःखद म्हणावे की सुखद, याचा निर्णय ग्रंथ करीत नाही, आणि वाचकानेही घाईने करू नये.

सुखद आणि आघातकारी आठवणींच्या भेदाविषयी डेन्मार्कमध्ये जे काम झाले आहे त्याचा येथे उपयोग होतो. डोर्ते बर्न्टसेन आणि डेव्हिड रूबिन यांनी २००२ साली दाखविले की, चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातील सर्वांत सुखाचा प्रसंग विचारला तर उत्तरे प्रामुख्याने विशीच्या काळात गोळा होतात. सर्वांत दुःखाचा किंवा आघाताचा विचारला तर तसा पुंजका दिसत नाही. त्यांचे स्पष्टीकरण असे की, सुखाच्या घटनांना समाजाने काळ नेमून दिलेला असतो. विवाह केव्हा, पहिले मूल केव्हा, हे ठरलेले असते. आघाताला मुहूर्त नसतो. प्रस्तुत लेखकाने भटजींच्या भाषेविषयी जे म्हटले ते याच्या पुष्कळ जवळ आहे. फरक एवढाच की समाज काळाबरोबर शब्दही नेमून देतो, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांच्या तक्त्यांत दिसत नाही. ती भाषेच्या अभ्यासकाने दाखवायची आहे.

बर्न्टसेन यांनीच टॉमसन यांच्यासमवेत २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४५ वृद्ध डॅनिश नागरिकांना दोन दिवस आठवावयास सांगितले होते: ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा देशात शिरल्या तो आणि ४ मे १९४५ च्या सायंकाळी रेडिओवरून मुक्ततेची बातमी आली तो. वार, वेळ, हवामान यांविषयी त्यांनी दिलेली उत्तरे नोंदींशी ताडली असता ती अपेक्षेहून पुष्कळ बरोबर निघाली. प्रतिकाराच्या चळवळीशी ज्यांचा संबंध होता त्यांच्या आठवणी अधिक ठळक आणि अधिक अचूक होत्या. एरिकातील विस्मरण आणि येथील अचूकता यांत विरोध आहे असे वरवर वाटेल. पण हे दोन्ही दिवस साऱ्या राष्ट्राचे होते. दरवर्षी त्यांचे स्मरण होई, प्रत्येक घरात त्यांची कथा सांगितली जाई, म्हणजे त्यांना साचा मिळाला होता. छावणीतील मारहाणीला असा कोणता वार्षिक दिवस मिळणार? भटजींच्या बाबतीत तर पंचवीस वर्षे झाशीचे नाव मोठ्याने घेण्याचीही चोरी होती. हयातीत हे लिखाण छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा होती, ती उगाच नव्हे.

शेवटी पाठाचा प्रश्न. वैद्यांनी हे लिखाण मिळविले आणि जपले, याबद्दल मराठी वाचक त्यांचे कायमचे ऋणी आहेत. परंतु १९०७ च्या आवृत्तीत त्यांनी भाषा सावरली, काही मजकूर गाळला, इतिहासाशी जुळवून घेण्यासाठी काही फेरफार केले. त्या काळच्या संपादनाच्या कल्पनेप्रमाणे त्यात गैर काही नव्हते. तथापि याचा परिणाम असा झाला की १९०७ पासून १९६६ पर्यंत, एकूण ५९ वर्षे, वाचकांनी ज्याला भटजींचे स्मरण मानले ते भटजी आणि वैद्य या दोघांचे होते. ओबडधोबड वाक्य सरळ करणे हे आनंदाच्या प्रसंगात फारसे अपायकारक नसते; तेथे साचा मुळातच गुळगुळीत आहे. भयाच्या प्रसंगात मात्र अडखळणे हाच पुरावा असतो. तुटलेले वाक्य जोडले, मागेपुढे झालेला क्रम लावला, कर्ता गाळलेला होता तेथे कर्ता घातला, की वाचनीयता वाढते आणि स्मरणाचा मागोवा नाहीसा होतो. 'पैसे गेले' या वाक्याचे 'शिपायांनी पैसे नेले' असे रूप केले तर व्याकरणदृष्ट्या सुधारणाच होईल. पण ज्याचे पैसे गेले त्याने मान वर करून नेणाऱ्याकडे पाहिले होते की नाही, हे पहिल्या वाक्यातच दडलेले आहे.

असे असूनही आजही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून वैद्यांच्या पाठातील उतारे भटजींच्या शैलीचे नमुने म्हणून बिनदिक्कत दिले जातात, आणि परीक्षकही ते चालवून घेतात. प्रस्तुत लेखकाने स्वतः एके काळी हेच केले आहे. झाशीच्या पाडावापासून काल्पीपर्यंतचा भाग तरी दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून, वाक्यागणिक, क्रियापदाच्या रूपांची नोंद करीत वाचला पाहिजे. वर रीतिभूतकाळाविषयी आणि कर्तृहीन वाक्यांविषयी जे म्हटले आहे ते मुख्यतः १९६६ च्या पाठाच्या वाचनातून सुचलेले असून अशा मोजणीने त्यात दुरुस्ती करावी लागण्याचा संभव आहे. ती मोजणी झाल्यावर परतीच्या प्रवासाचा भाग घ्यावा. तेथे कावड खांद्यावर आहे, लुटारूंचे भय अजून गेलेले नाही आणि घर जवळ येत आहे. घरी पोचल्यावर त्या गंगोदकाने मातापितरांना स्नान घालण्याचा सोहळा आहे. तेथील क्रियापदे भयाच्या रीतीने चालतात की आनंदाच्या, हे सध्या तरी निश्चयाने सांगता येत नाही.